कार्ल जान्स्की आणि न थांबणारी खरखर

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागले की ऊस, टोमॅटो आणि द्राक्षबागांच्या मागे तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण. एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ खोडदजवळ एकत्र आहेत, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांसारख्या जुन्नर आणि आंबेगावच्या परिसरात सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, शाळांच्या एसटी गाड्या भरभरून मुले इथे येतात. आत गेल्यावर मोबाइल बंद ठेवण्याची सूचना मिळते आणि बहुतेकांना त्याचे नवल वाटते.

आपण तापमान सेल्सियसमध्ये मोजतो, विजेचा दाब व्होल्टमध्ये. आकाशातल्या एखाद्या वस्तूकडून येणाऱ्या रेडिओ लहरींची तीव्रता मोजण्याच्या मापाचे नाव आहे जान्स्की. खोडदला हा शब्द दिवसातून कितीदा तरी उच्चारला जातो. ज्याच्या नावावरून तो आला, तो कार्ल गुथे जान्स्की खगोलशास्त्रज्ञ नव्हता. दूरच्या दोन माणसांना रेडिओवरून एकमेकांशी बोलता यावे म्हणून त्या बोलण्यातली खरखर शोधून काढणे ही त्याची नोकरी होती. ही नोकरीही त्याला मिळता मिळता राहिली होती, कारण त्याच्या मूत्रपिंडांना आजार होता. त्याच आजाराने तो वयाच्या ४४व्या वर्षी गेला.

या खरखरीची ओळख आधी करून घ्यायला हवी. पोलिसांकडे, वनखात्याकडे किंवा मोठ्या यात्रेतल्या बंदोबस्ताला असतो तो वॉकीटॉकी, म्हणजे दुतर्फा रेडिओ, पाहा. पूर्वी अशा संचांवर बटण फिरवून लहर जुळवत. आताच्या संचांवर असे बटण बहुधा नसते. संच तारेने संगणकाला जोडायचा, सॉफ्टवेअरने त्यातली जुनी माहिती आधी वाचून घ्यायची, मग पडद्यावरच्या तक्त्यात प्रत्येक चॅनेलसाठी ऐकण्याची वारंवारता, बोलण्याची वारंवारता, पट्ट्याची रुंदी, प्रक्षेपणाची ताकद आणि ओळखीचा सूर भरायचा, आणि सगळे पुन्हा संचात लिहून टाकायचे. या तक्त्यात स्क्वेल्च नावाचा एक रकाना असतो. हवेतून सतत येणारी बारीक खरखर कानावर पडू नये म्हणून एक उंबरठा ठरवायचा आणि त्याहून क्षीण ते सगळे गप्प करायचे, हे त्याचे काम. हा उंबरठा शून्यावर ठेवला तर संच दिवसभर तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचरत राहतो. दोन तासांत डोके उठते. म्हणून प्रोग्रॅमिंग करणारा हा आकडा आधी पाहतो. एका अर्थाने रेडिओ तंत्रज्ञाची सगळी कारकीर्द खरखर टाकून देण्यात जाते. जान्स्कीला मात्र ती टाकून देण्याआधी कुठून येते हे शोधण्याचा पगार मिळत होता, आणि त्याने ते काम नको इतक्या चोखपणे केले.

त्याचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधल्या नॉर्मन गावचा. वडील सिरिल जान्स्की अभियांत्रिकीचे प्राध्यापक. घराणे मूळचे चेक. वडिलांनी आपल्या आवडत्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचे, कार्ल गुथे यांचे, पूर्ण नाव मुलाला दिले. पुढे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन या विद्यापीठाच्या गावी राहिले आणि कार्ल तिथेच भौतिकशास्त्र शिकून १९२७मध्ये पदवीधर झाला. थोरला भाऊ, त्याचेही नाव सिरिलच, अमेरिकेतली सुरुवातीची रेडिओ प्रक्षेपण केंद्रे उभी करणाऱ्यांपैकी एक. म्हणजे घरात रेडिओ आधीच आलेला होता. कार्ल दिसायला किरकोळ, पण खेळात पुढे. विद्यापीठाच्या संघातून तो बर्फावरची हॉकी खेळे. टेनिस, टेबल टेनिस आणि पत्त्यांतले ब्रिज यांतही त्याला हार आवडत नसे.

अशा तरुणाला कॉलेजच्या वयात ब्राइट्स डिसीज असल्याचे निदान झाले. हे नाव आता डॉक्टरांच्या तोंडी फारसे नसते. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७मध्ये अंगावर सूज, लघवीतून जाणारी प्रथिने आणि खराब झालेली मूत्रपिंडे यांचा संबंध जोडून दाखवला, म्हणून त्यांचे नाव आजाराला लागले. त्यांची तपासणी फार साधी होती. चमच्यात रुग्णाची लघवी घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. प्रथिने असतील तर अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर जसा होतो तशी ती गोठून दिसत. आज या एका नावाखाली तेव्हा मोडणाऱ्या विकारांना वेगवेगळी नावे आहेत. त्यातला मोठा गट म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळण्यांचा दाह. पुष्कळदा सुरुवात घशाच्या किंवा त्वचेच्या साध्या जंतुसंसर्गाने होते. घसा आठवड्यात बरा होतो आणि शरीराने जंतूंविरुद्ध उभी केलेली यंत्रणा मूत्रपिंडाला इजा करून जाते. जान्स्कीच्या तरुणपणी पेनिसिलिन औषध म्हणून वापरात आलेले नव्हते.

या आजाराचा फसवेपणा समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात आणि दीड लिटरच्या आसपास लघवी तयार होते. निसर्गाने इतकी वरकड व्यवस्था दिली आहे की निम्म्याहून जास्त गाळण्या निकामी झाल्या तरी माणूस चालतो, खेळतो, नोकरी करतो. दुखत काहीच नाही. पण उरलेल्या गाळण्यांवर ताण येतो, रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब उरलेल्या गाळण्या आणखी मारतो. हे चक्र १०-२० वर्षे गुपचूप चालू शकते. बर्फावर हॉकी खेळणाऱ्या मुलाला आपण आजारी आहोत हे पटणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना मूत्रपिंडाचे रुग्ण पाहणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला येईल.

१९२८मध्ये जान्स्कीने बेल टेलिफोन प्रयोगशाळेत अर्ज केला. ही त्या काळातली जगातली सर्वांत नावाजलेली औद्योगिक प्रयोगशाळा. वैद्यकीय तपासणीत मूत्रपिंडाचा आजार निघाला आणि कंपनी मागे सरली. थोरल्या भावाची प्रयोगशाळेतल्या लोकांशी ओळख होती. त्याने रदबदली केली, तेव्हा कुठे नेमणूक झाली. तीही न्यूयॉर्कच्या धकाधकीत न ठेवता न्यू जर्सीतल्या क्लिफवूड या खेड्यातल्या केंद्रावर, प्रकृतीला मानवेल म्हणून. थोड्याच काळात ते केंद्र जवळच्या होल्मडेलला हलले.

सरकारी रुग्णालयात नोकरीसाठी लागणारे तंदुरुस्तीचे दाखले रोज लिहिले जातात. छातीचे माप, नजर, लघवीतली साखर आणि प्रथिने. एका रकान्यात काट पडली की कुणाची तरी वाट बंद होते. काही कामांसाठी ती काट आवश्यकच असते, बस चालवणाऱ्याची नजर चांगलीच हवी. पण टेबलाशी बसून यंत्राची नोंद वाचणाऱ्याला लघवीतल्या प्रथिनांवरून घरी पाठवायचे, यात वैद्यक कमी आणि कंपनीचा पुढचा खर्च वाचवण्याचा हिशेब जास्त असतो. जान्स्कीला भाऊ होता. ज्यांना असा भाऊ नसतो त्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत.

त्याला दिलेले काम असे होते. ७ जानेवारी १९२७ला न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात रेडिओवरून टेलिफोन सुरू झाला होता. समुद्राखालून टेलिफोनची तार तेव्हा नव्हती, तारायंत्राची होती. माणसाचा आवाज अटलांटिकपलीकडे जायचा तो हवेतूनच, आणि उत्तरही हवेतून यायचे. तीन मिनिटांच्या बोलण्याला ७५ डॉलर पडत, सामान्य कामगाराच्या दोन-तीन आठवड्यांच्या पगाराएवढे. इतके पैसे मोजून माणूस बोलणार आणि पलीकडे चरचर ऐकू येणार, हे चालण्यासारखे नव्हते. सुरुवात लांब लहरींवर झाली, १९२९पासून लघुलहरीही आल्या. या लहरींवर खरखर कोणत्या दिशेने, कोणत्या वेळी, किती येते याचा तक्ता कंपनीला हवा होता. तो हाती आला की अँटेना दुसरीकडे तोंड करून उभ्या करता आल्या असत्या. जान्स्कीचे वरिष्ठ होते हॅराल्ड फ्रिस, डेन्मार्कहून आलेले कसलेले अभियंते.

होल्मडेलला बटाट्याच्या जुन्या शेतात जान्स्कीने आपली अँटेना उभी केली. सुमारे ३० मीटर लांब आणि ६ मीटर उंच असा तो सांगाडा फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या चार चाकांवर बसवला होता आणि छोट्या मोटरवर तो गोल रुळावर फिरत असे. एक फेरी २० मिनिटांची. आजूबाजूचे लोक त्याला जान्स्कीचा जत्रेतला फिरता पाळणा म्हणत. लहरीची लांबी १४.६ मीटर धरली होती, म्हणजे वारंवारता सुमारे २०.५ मेगाहर्ट्झ. जवळच्या खोपटात संग्राहक यंत्र आणि फिरत्या कागदावर पेनाने रेघ ओढणारा नोंदक. सातवर्गातल्या मुलाच्या वहीसारखा कंटाळवाणा दिसणारा हा कागद दिवसरात्र पुढे सरकत राही. अँटेना ज्या दिशेला जास्त खरखर पकडेल तिथे रेघ वर उचलली जाई, आणि दर २० मिनिटांनी तोच उंचवटा परत येई.

१९३१च्या उन्हाळ्यापासून नोंदी नीट येऊ लागल्या. जान्स्कीला खरखरीच्या तीन जाती दिसल्या. पहिली जवळच्या वादळातल्या विजांची, कडकड आवाजाची. दुसरी दूरच्या वादळांची, जरा मऊ, पण ओळखता येणारी. तिसरी अगदी क्षीण, अखंड, बारीक फुत्कारासारखी. टेलिफोनच्या बोलण्याला तिचा उपद्रव फारसा नव्हता. कंपनीच्या दृष्टीने पहिल्या दोन जातींचा अहवाल दिला की काम संपत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर स्क्वेल्चचा आकडा एक घर वर सरकवला की तिसरी जात गेली. जान्स्की तिच्यामागे लागला.

आधी त्याला वाटले, आसपासच्या एखाद्या यंत्राचा हा उपद्रव असेल. त्या वर्षाच्या अखेरीस लक्षात आले की खरखरीची दिशा दिवसभरात पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेकडे सरकते, म्हणजे सूर्याबरोबर. डिसेंबरमध्ये तर ती सूर्याच्या दिशेशी अगदी जुळत होती. सूर्यच खरखरतो असा निष्कर्ष काढून थांबणे सोपे होते आणि कोणी हरकतही घेतली नसती. पण पुढच्या महिन्यांत उंचवटा रोज थोडा लवकर येऊ लागला. जानेवारीत सूर्याच्या पुढे, फेब्रुवारीत आणखी पुढे. ३१ ऑगस्ट १९३२ला न्यू जर्सीतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हाही खरखरीत फरक पडला नाही. वर्ष पुरे होईपर्यंत दिशा पूर्ण चक्कर मारून मूळ जागी आली.

रोज साधारण चार मिनिटे लवकर. महिन्याला दोन तास, वर्षाला २४ तास. नक्षत्रे पाहण्याची सवय असलेल्या जुन्या शेतकऱ्याला हे लगेच कळले असते. मृगाचे तारे हिवाळ्यात सायंकाळी उगवतात, पुढे रोज थोडे आधी, आणि उन्हाळ्यात ते सूर्याच्या उजेडात हरवतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकते. त्यामुळे सूर्य माथ्यावर परत यायला २४ तास लागतात, पण तारा त्याच जागी परत यायला २३ तास ५६ मिनिटे. जान्स्की अभियंता, खगोलशास्त्राचे एकही पुस्तक त्याने धड वाचलेले नव्हते. ही ५६ मिनिटे त्याला मेल्विन स्केलेट या सहकाऱ्याने समजावली. स्केलेट बेलमध्ये नोकरी करता करता खगोलशास्त्राचा अभ्यास करत होता. मग जान्स्कीने पुस्तके मिळवली, वर्षभराचे कागद पुन्हा पसरले आणि गणित मांडले. खरखर ताऱ्यांच्या घड्याळाने चालत होती. तिचा उगम सूर्यमालेच्या बाहेर होता.

दिशा धनु राशीची निघाली, आपल्या आकाशगंगेचा मध्य ज्या बाजूला आहे ती. आपल्याकडच्या मूळ नक्षत्राच्या शेजारचा हा भाग. या नावावरून पूर्वजांना आकाशगंगेचे मूळ ठाऊक होते, असे सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्याला काही आधार नाही आणि तो आवरलेला बरा. जान्स्कीने १९३५मध्ये आणखी पुढची गोष्ट मांडली. खरखर फक्त मध्यातून नव्हे, तर आकाशगंगेच्या संपूर्ण पट्ट्यातून येते आणि मध्याकडे ती सर्वांत जोरदार असते. तारे आणि त्यांच्यामधला वायू यांच्याकडे त्याने बोट दाखवले. सूर्य हाही ताराच, मग त्याच्याकडून इतक्या जोराची खरखर का येत नाही, हा प्रश्न त्यालाच पडला होता. उत्तर मिळायला दीड-दोन दशके जावी लागली. आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपास वेगाने घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉन या लहरी सोडतात.

२७ एप्रिल १९३३ला वॉशिंग्टनच्या एका सभेत त्याने हा शोध वाचला. सभेत थोडकेच लोक होते आणि त्यांनी फारशी दखल घेतली नाही. कंपनीने मात्र वर्तमानपत्रांना कळवले, आणि ५ मेच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये पहिल्या पानावर बातमी आली. १५ मेला एका राष्ट्रीय रेडिओ वाहिनीने होल्मडेलची खरखर तारेने मागवून काही सेकंद श्रोत्यांना ऐकवली. परग्रहावरचे लोक बोलतात का, अशी विचारणा झाली आणि जान्स्कीला तसे काही नाही हे पुन्हा पुन्हा सांगावे लागले. सनसनाटीचे हे दोन आठवडे सरले आणि शांतता झाली.

शांतता म्हणजे अगदी शांतता. दुर्बिणीतून पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांना रेडिओची यंत्रे कळत नव्हती, रेडिओच्या अभियंत्यांना आकाशाशी कर्तव्य नव्हते. महामंदी चालू होती. कंपनीने पगार आणि कामाचे दिवस कापले होते. १९२९मध्ये जान्स्कीचे लग्न झाले होते, घरात लहान मूल होते, आणि शरीरात तो जुना आजार. अशा माणसाने राजीनामा देऊन आकाश ऐकत बसावे अशी अपेक्षा करणे सोपे आहे. आकाशगंगेच्या खरखरीवर त्याने पुढे जवळपास काम केले नाही. याबद्दल दोन बाजू आहेत. थोरल्या भावाचे म्हणणे, त्याला ते काम करायचे होते आणि वरिष्ठांनी दुसरीकडे वळवले. फ्रिस यांनी पुढे लिहिले की त्याने तशी इच्छा त्यांच्याकडे कधी बोलून दाखवली नाही. जान्स्कीने वडिलांना लिहिलेल्या पत्रांत आपल्याला आवडते ते काम करता येत नाही अशी खंत आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नोकरी ज्याला उपकारासारखी मिळाली आहे आणि ज्याच्या तब्येतीची फाइल वरिष्ठांकडे आहे, तो माणूस मागणी करायला कचरतो. वरिष्ठाला ती मग ऐकूही येत नाही.

त्याचा धागा एका माणसाने उचलला. ग्रोट रेबर या तरुण रेडिओ अभियंत्याने १९३७मध्ये इलिनॉय राज्यातल्या व्हीटन गावी, घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, स्वतःच्या पैशाने साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी बांधली आणि आकाशाचा पहिला रेडिओ नकाशा काढला. जान्स्कीच्या शोधानंतर जवळजवळ दहा वर्षे जगात हे काम करणारा तो एकटाच होता.

दुसऱ्या महायुद्धात जान्स्की जर्मन पाणबुड्यांच्या रेडिओ संदेशांची दिशा शोधण्याच्या कामावर होता. त्याबद्दल लष्कर आणि नौदलाकडून त्याची प्रशंसा झाली. युद्धानंतर तो सूक्ष्मलहरींच्या संदेशवहनाकडे वळला. यंत्राची स्वतःची खरखर कमी करणे हाच विषय पुन्हा. तोवर शरीराने हिशेब मागायला सुरुवात केली होती.

त्या वेळचे डॉक्टर त्याच्यासाठी काय करू शकत होते? फारच थोडे. मीठ कमी, प्रथिने कमी, विश्रांती. वाढलेला रक्तदाब कमी करणारी, माणूस रोज सोसू शकेल अशी गोळी नव्हती. रक्तदाब वाढतो तो खराब मूत्रपिंडातून रक्त ढकलता यावे म्हणून, तेव्हा त्याला हात लावू नये, असे मानणारे नामवंत डॉक्टरही होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० असा नोंदला गेला. देशातली उत्तम वैद्यकीय सेवा त्यांच्या दाराशी होती. मग होल्मडेलच्या अभियंत्याची काय कथा. डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी १९४३मध्ये कृत्रिम मूत्रपिंड बनवले होते, पण ते अचानक बिघडलेल्या मूत्रपिंडाला काही दिवस सावरून धरण्यापुरते. जुनाट आजाराच्या रुग्णाला आठवड्यामागून आठवडे डायलिसिसवर ठेवणे १९६०मध्ये जमू लागले. पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४चे, बोस्टनचे, जुळ्या भावांमधले. मूत्राचे प्रमाण वाढवून रक्तदाब उतरवणारी क्लोरोथायझाइडची गोळी १९५८ला बाजारात आली.

कार्ल जान्स्की १४ फेब्रुवारी १९५०ला न्यू जर्सीतल्या रेड बँकच्या रुग्णालयात वारला. हृदय आणि रक्तवाहिन्या थकल्या होत्या. चार वर्षे, आठ वर्षे, दहा वर्षे अशा अंतरावर ती सगळी साधने होती.

आज त्याच्या वयाचा तरुण मंचर किंवा नारायणगावच्या सरकारी रुग्णालयात आला तर रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिअॅटिनिन या तीन तपासण्यांवर आजार उघडा पडतो. त्यांना चमचा आणि मेणबत्तीपेक्षा फार मोठी यंत्रे लागत नाहीत. रक्तदाब काबूत ठेवणाऱ्या आणि लघवीतून प्रथिने जाणे कमी करणाऱ्या गोळ्या स्वस्त आहेत. अडचण अशी की दुखत नाही म्हणून तपासायला कोणी येत नाही. लघवीत फेस दिसला, सकाळी डोळ्यांखाली सूज आली, तर पाणी बदलले असेल किंवा झोप झाली नसेल म्हणून सोडून देतात. मूत्रपिंडाची खरखर सुरुवातीला इतकीच क्षीण असते. कंबर दुखली की मात्र किडनीची शंका घेऊन माणसे धावत येतात, आणि दुखणे बहुतेकदा स्नायूंचे निघते.

जान्स्की गेला त्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमध्ये, युद्धातली रडार यंत्रे हाताशी आलेल्या तरुणांनी रेडिओ खगोलशास्त्राला जोर आणला होता. १९५३मध्ये गोविंद स्वरूप हे तरुण भारतीय भौतिकशास्त्रज्ञ शिकायला ऑस्ट्रेलियात गेले. तिथे वापरातून गेलेल्या छोट्या तबकड्या पुढे भारताला मिळाल्या आणि १९६५मध्ये त्यांतून कल्याणला सूर्याचा अभ्यास करणारी दुर्बीण उभी राहिली. मग १९७०ला उटी, आणि त्यानंतर जुन्नर तालुक्यातले खोडद. जागा निवडताना एक मोठा निकष होता शांतता, कानांना जाणवणारी नव्हे, तर रेडिओची. शहरांपासून अंतर आणि भोवतीच्या डोंगररांगांचा आडोसा यामुळे ती इथे होती.

आता हीच शांतता राखणे अवघड झाले आहे. खोडदची दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या विस्तृत टापूत ऐकते. वॉकीटॉकींचे नेहमीचे दोन पट्टे, १३६ ते १७४ आणि ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ, याच टापूत येतात. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला, एक वॅट भागिले एकावर २६ शून्ये. या मापाने एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हातात मावणारा पाच वॅटचा वॉकीटॉकी चंद्रावर नेऊन बटण दाबले, तर त्याच्या साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये तो पृथ्वीवरून सुमारे २० हजार जान्स्की भरेल. आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांच्या तोडीचा, कदाचित वरचढ. खोडदचे शास्त्रज्ञ जे शोधत असतात ते जान्स्कीच्या हजाराव्या, लाखाव्या हिश्श्यांत असते. मग तोच संच चंद्राऐवजी शेजारच्या गावात असेल तर काय होत असेल, हे सांगायला नको. म्हणूनच अशा संचांना केंद्र सरकारचा परवाना आणि नेमून दिलेली वारंवारता लागते. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त संचात कुणी हौसेने सॉफ्टवेअर लावून भलतीच वारंवारता लिहिली, तर एका चुकलेल्या आकड्याने पोलिसांच्या बोलण्यातही व्यत्यय येईल आणि काही अब्ज वर्षांपूर्वी निघालेल्या लहरीही त्याखाली दबतील. विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या, रोहित्रे, मोबाइलचे मनोरे हेही उपद्रव देतातच. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या चर्चेत ही दुर्बीण वारंवार येते ती याच कारणाने. त्या रेल्वेची वाट पाहणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या लोकांची नाराजीही खोटी नाही, त्यांच्या मालाला बाजार हवा आहे. दुर्बिणीत आता येणारा संदेश संगणकावर पारखून त्यातला माणसाने केलेला खळखळाट त्या क्षणीच वेगळा काढण्याची यंत्रणा बसवली आहे. पण ती कोणता आवाज फेकायचा हे ठरवते तेव्हा प्रत्येक वेळी एक उंबरठा कुणाला तरी ठरवावाच लागतो.

होल्मडेललाच १९६४मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आणखी एक खरखर सापडली. ती सगळ्या दिशांनी सारखीच येत होती. अँटेनात बसलेली कबुतरे हाकलून, त्यांची घाण साफ करूनही ती गेली नाही. विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या उष्णतेची ती खूण होती आणि तिला १९७८चे नोबेल मिळाले. जान्स्कीला हयातीत मोठा सन्मान मिळाला नाही. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने १९७३मध्ये त्याचे नाव मापाला दिले.

त्याची फिरती अँटेना केव्हाच मोडीत निघाली होती आणि ती नेमकी कुठे उभी होती हेही विसरले गेले होते. १९९८मध्ये जागा शोधून तिथे एक छोटे स्मारक उभारण्यात आले. आकार त्याच सांगाड्याचा. १६ सप्टेंबर १९३२च्या संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी कागदावरची रेघ सर्वांत उंच गेली होती, तेव्हा अँटेनाचे तोंड ज्या दिशेला होते, त्याच दिशेला स्मारकाचे तोंड आहे.